मागच्या दारानं या

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला दोन दारं आहेत. पुढचं दार व्हरांड्यात उघडतं, म्हणजे उघडायला हवं. त्याच्यावर रंगवलेली झकास पाटी आहे, खाली पायपुसणं आहे आणि कडीला भलंमोठं कुलूप आहे. आत जायचं असेल तर अख्ख्या इमारतीला वळसा घालायचा, पाण्याच्या टाकीमागून जायचं, खिचडीची पातेली जिथं घासतात तो चिखल साडी वर धरून तुडवायचा आणि मागच्या दारानं शिरायचं. ते दारही खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. शाळेत नवा कुणी आला की पहिल्या आठवड्यात मला विचारतोच, "मॅडम, हे असं का?" मी म्हणते, भिंगारदिवे सरांना विचारा. आणि सर तर निवृत्त होऊन घरी बसलेत.

भिंगारदिवे सर आमचे ग्रंथपाल. मी विज्ञान शिकवते. आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या कडेला. इथं दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला बाहेर पडतं, कुणी श्रीगोंद्याकडं, कुणी पार कोल्हापूरच्या बाजूला, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतं. ज्यांची पोरं सांभाळायला घरी कुणी नाही ती पोरंही बरोबर जातात. हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की दिवाळीनंतर हजेरी घेताना त्या नावांपाशी आम्ही थांबतसुद्धा नाही. सर थांबायचे. आमची सगळी भांडणं त्यापायीच झाली.

माणूस रीतसर शिकलेला होता. ग्रंथालयाची पदवी, वर्गीकरणाचे आकडे तोंडपाठ, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर वळणदार अक्षरात आकडा चिकटवलेला. पण एखाद्या पोरानं येऊन विचारलं, "सर, अमुक पुस्तक कुठं आहे?" तर या गृहस्थांच्या तोंडून उत्तर म्हणून निघायचं नाही. उलट प्रश्नच यायचा.

"मागच्या टायमाला कुठं उभा हुतास?"

पोरगं डोकं खाजवायचं. "त्या गार कपाटापाशी."

"मग तिथनं फुडं सरक की."

"पण सर, कुठवर?"

"सापडंल तिथवर."

एवढं बोलून हे पुन्हा फाटक्या पुस्तकांना खळ लावायला मोकळे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो सर, तिसऱ्या कपाटाचा चौथा कप्पा, एवढं सांगायला काय जीभ झिजते का?" तर म्हणाले, "मॅडम, पत्ता पोस्टमनला सांगावा. माणसाला वाट दाखवावी." त्यांचे वडील पोस्टात होते, आणि जगातली प्रत्येक गोष्ट टपालावर नेऊन घालायची त्यांना भारी हौस. हे वाक्य तर मी इतक्यांदा ऐकलंय की स्वप्नातसुद्धा ऐकू येईल.

जूनमध्ये पाचवीची नवी पोरं यायची, त्यांची तर परवडच. पुस्तकाला हात लावायचा नाही. आधी चपला बाहेर, चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून. मग एकामागे एक रांगेत आत यायचं, उजवा हात भिंतीकडच्या कपाटांना लावायचा आणि हात न उचलता खोलीला फेरी मारायची. सर पुढं चालत आणि मध्येच थांबून विचारत, "हितं हाताला काय लागतंय?"

"गार!"

"लोखंडी कपाट. हितं राजे-लढाया. आता?"

"खरखरीत!"

"लाकडी मांडणी. गोष्टी. फुडं?"

"वारा लागतोय, सर!"

"खिडकीची झडप मोडलीय. हितं कविता. आन् आता पाय सांभाळा."

जुन्या खोलीत एक फरशी खचलेली होती. तिच्यावर पाय पडला की माणूस हलकासा खाली जायचा. तो पाय खाली गेला की समजायचं, विज्ञान आलं. म्हणजे माझा विषय या शाळेत खड्ड्यावरून ओळखला जायचा. हे मला चांगलं वाटायचं असं कुणाला वाटत असेल तर गैरसमज आहे.

आठवडाभर ही हाताची कवायत चालायची. एकदा एक पालक भांडायला आला, पोराच्या सदऱ्याची काळी झालेली बाही दाखवत. "सर, पोराला वाचायला धाडतो का कपाटं पुसायला?" सरांनी शांतपणे ती बाही झटकली, दोन शिंका दिल्या आणि म्हणाले, "धुतली की निघंल." त्या पालकानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

ही शिस्त फक्त पोरांनाच असती तर एक वेळ चाललं असतं. एकदा पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी आमचे हेडसर घाईघाईनं आले. त्यांना भाषणाच्या तयारीचं पुस्तक हवं होतं. मी तिथंच उभी होते. उभीच, कारण त्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कायम खळीचं पातेलं. हेडसर म्हणाले, "भिंगारदिवे, ते भाषणाचं पुस्तक द्या बरं."

"सव्वीस जानेवारीला कुठनं घेतलं हुतं, सर?"

"अहो, मी मुख्याध्यापक आहे!"

"व्हय, सर. म्हणून तर म्हणतो, तुमाला म्हाईत आसंल."

हेडसरांचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता मेमो निघतो. पण बाहेर व्यासपीठ बांधायचं चाललेलं, वेळ नव्हता. ते तणतणत कपाटांच्या कडेनं निघाले, आणि गंमत म्हणजे हात आपसूक कपाटांना लागला. दहा मिनिटांनी पुस्तक मिळालं. पुढच्या सव्वीस जानेवारीला हेच हेडसर तडक आत गेले, पुस्तक घेऊन बाहेर आले आणि स्टाफरूममध्ये ते उंच धरून म्हणाले, "एका झटक्यात! न विचारता!" दिवसभर तेच सांगत होते. मी मनात म्हटलं, घ्या, हेही बाटले.

आणि दुसऱ्यांना असे नाचवणाऱ्या या माणसाला स्वतःची एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. दिवसातून एकदा तरी हाक यायची, "मॅडम, माझा चष्मा बघितला का?" चष्मा कपाळावर नाहीतर खळीच्या पातेल्याशेजारी. मी मुद्दाम विचारायची, "मागच्या टायमाला कुठं ठेवला होता, सर?" की हे चिडायचे. "थट्टा करू नका हो. अक्षरं दिसंनात." मला फार बरं वाटायचं.

आता उलट्या पुस्तकांचं सांगते. दिवाळीच्या सुट्टीआधी तोडीला जाणारी पोरं ग्रंथालयात यायची. जे पुस्तक अर्धं वाचून झालं असेल त्यात आपापली खूण ठेवायची: कुणी चिंचेचं पान, कुणी लोकरीचा धागा. मग पुस्तक त्याच्या जागेवर उलटं ठेवायचं, पाठ आत आणि पानं बाहेर, म्हणजे खूण दिसते. उलटं पुस्तक म्हणजे थांबलेलं पुस्तक. त्याला पाडव्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. पोरं हा नियम देवाधर्मासारखा पाळायची. दिवाळीनंतर आत गेलं की कपाटाकपाटात उलटी पुस्तकं, आणि नेमकी चांगली चांगली. साहजिकच आहे, पोरं काय वाईट पुस्तकं अर्धवट ठेवून जातात?

गेल्या वर्षी डिसेंबरात माझी एक विद्यार्थिनी, अनुष्का, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्रातल्या प्राण्यांवर काम करत होती. आमच्याकडं त्या विषयावर एकच जाडजूड पुस्तक. मोठी रंगीत चित्रं, खालच्या कप्प्यात, त्या खचलेल्या फरशीपाशी. ती गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. "मॅडम, ते थांबलंय."

मी तशीच गेले. पुस्तक उलटं, आणि पानांमधून लाल रिबिनीची एक चिंधी बाहेर आलेली.

"कुणाचं आहे हे?"

"सारिकाचं. आठवीची."

सारिका मला माहीत होती. मागच्या बाकावरची, बारकी, बोलणं कमी. आईबापाबरोबर दरवर्षी जाणारी.

"सर, ती पोर चार महिने येणार नाही. पुस्तक इथं धूळ खातंय. आणि जिला गरज आहे ती रिकामी जातेय. याला काही अर्थ?"

"गरज तिलाबी हाय, मॅडम. फक्त ती हितं न्हाई."

"मग आल्यावर देऊ की परत! पुस्तक काय पळून जातंय?"

त्यांनी ब्रश पातेल्यात ठेवला. माझ्याशी इतकं सलग ते पहिल्यांदाच बोलले. "मॅडम, पोर परत येती तवा वर्गात तिचं काय ऱ्हातं? बाक दुसऱ्याला दिलेला. धडे फुडं गेलेले. बाईंनी काय विचारलं की खाली मान. तिला वर्गात यायची लाज वाटती. म्हणून ती आधी हितं येती. हितं तिनं ठेवलेली एक वस्तू ठेवली तशी आसती. ती घेती, चार पानं वाचती, जरा धीर येतो. मग वर्गात जाती. आन् ती वस्तू हितं न्हाई घावली, तर ती दारातनंच माघारी जाईल. एकदा गेली की गेली. ह्या सारिकाची आजीबी तोडीलाच आसती, ती तर जातानाच म्हनली, आठवी बास झाली."

मला ऐकून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण राग काही उतरला नाही. मी विचारलं, "तुम्ही जायचात का हो लहानपणी तोडीला?"

"छ्या! माझा बाप पोस्टात हुता. घरी सायकल हुती आमच्या."

आता काय बोलणार या माणसाशी? शेवटी तडजोड झाली ती अशी: अनुष्कानं पुस्तक तिथंच कपाटापाशी वाचायचं, चिंधी हलवायची नाही, जाताना परत उलटं ठेवायचं. खुर्ची अर्थातच मिळाली नाही. चार दिवस पोरीनं उभ्यानं चित्रं उतरवली. दुसरा नंबर आला. बसून काढली असती तर पहिला आला असता, असं मी आजही म्हणते.

ही धुसफूस शमते न शमते तोच जानेवारीत जागा बदलायचं निघालं. मागे नवी खोली बांधून झाली होती. जुन्या खोलीत मोठा टीव्ही बसवून डिजिटल वर्ग करायचा, सव्वीस जानेवारीला उद्घाटन, आणि ग्रंथालय नव्या खोलीत. हेडसरांनी ही जबाबदारी टाकली माझ्यावर. का, तर "तुमचं आणि भिंगारदिव्यांचं चांगलं जमतं." मी कपाळाला हात लावला.

सर म्हणाले, "पाडव्यानंतर हलवा."

"सर, उद्घाटनाला पाहुणे येणारेत."

"पावण्यांना काय, कधीबी बोलवा. पोरांना वाट म्हाईत झालीय, ती मोडंल."

हेडसरांनी सरळ हुकूम काढला. मग मात्र सरांनी वाद सोडला. फक्त म्हणाले, "हलवा. पन मांडनार मी." मला वाटलं, सुटले. हे माझं अज्ञान.

नव्या खोलीत पुढच्या दारानं आत गेलं की उजव्या हाताला सगळ्या खिडक्या. कपाटं लागणार डाव्या भिंतीला, दुसरा इलाजच नाही. सर दारात उभे राहिले. उजवा हात पुढं केला, चार पावलं चालले आणि थांबले. हाताला खिडकीचे गज. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले, पुन्हा तोच हात, पुन्हा तेच गज. आमचे शिपाई गोरखमामा डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन ताटकळत उभे. "सर, कुठं ठिवू?" सर गज धरूनच उभे. मग एकाएकी बाहेर निघून गेले. आम्ही म्हटलं, रुसले वाटतं. थोड्या वेळानं खोलीच्या मागच्या टोकाचं, कधीच न उघडलेलं दार धाडकन उघडलं, आणि चिखलानं भरलेल्या पायांनी सर आत आले, उजवा हात पुढं करून. त्या बाजूनं आलं की तीच भिंत उजव्या हाताला येत होती. त्यांचा चेहरा असा खुललेला मी कधी बघितला नव्हता.

"हेच दार," ते म्हणाले.

"सर, तिकडं चिखल आहे!"

"पोरांना चिखलाचं काय?"

"आणि आम्हाला?"

तोवर ते भिंतीची लांबी पावलांनी मोजायला लागले होते. मग तेच, तसंच, त्याच क्रमानं: आधी लोखंडी कपाट, मग लाकडी मांडणी, मग कविता. वाऱ्यासाठी वरच्या झरोक्याची जाळी काढायला लावली. राहिली खचलेली फरशी. नवी कोरी गुळगुळीत फरशी, खचणार कशी? दुसऱ्या दिवशी बघते तर विज्ञानाच्या कपाटासमोर बारदानाची चौपदरी घडी अंथरलेली. पाय पडला की हलकासा दबतो.

"पूर्वी पाय खाली जायचा, आता वर येतो," मी म्हटलं.

"पायाला कळतं, मॅडम. काहीतरी येगळं लागलं म्हंजे झालं."

पुढच्या दाराला त्यांनी स्वतः कुलूप घातलं. दोन दारं चालू ठेवली तर पोरं पुढूनच येणार आणि सगळी वाट उलटी होणार, हे त्यांचं म्हणणं. उद्घाटनाला आलेले पाहुणे नवं ग्रंथालयही बघू म्हणाले. हेडसर त्यांना घेऊन पुढच्या दाराशी गेले, कुलूप बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पांढरे कपडे घातलेली सगळी मंडळी टाकीमागच्या चिखलातून, पातेल्यांच्या ढिगाला वळसा घालून आत आली. आणि हेडसर, पाहुण्यांना पुस्तकं दाखवता दाखवता, त्या बारदानाला अडखळले. पाहुण्यांनी सावरलं म्हणून बरं. सर म्हणाले, "विज्ञान आलं, सर."

मला धरणी दुभंगावी असं झालं. पाहुणे गेल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, फेब्रुवारीअखेर तुम्ही निवृत्त होणार. एक महिना राहिलाय. गप्प बसून काढता येत नव्हता? कशाला हा उपद्व्याप?"

"म्हणून तर," ते म्हणाले. "मी आसतो तर पोरांना सांगितलं आसतं, आता कुठं काय ठिवलंय ते."

"तुम्ही? तुम्ही सांगितलं असतं? जन्मात कुणाला सांगितलंय का?"

सर हसायला लागले. हसताना त्यांना शिंका आल्या, मग चष्मा पडला, मग मलाच तो शोधून द्यावा लागला.

निरोप समारंभालाही त्यांनी आधी खोडा घातला. पोरं गावात नाहीत, मग निरोप कुणाचा घ्यायचा, पाडव्यानंतर ठेवा. हेडसर म्हणाले, निवृत्तीची तारीख सरकार ठरवतं, पाडवा नाही. शेवटी शाल-नारळ झालं. आम्ही सगळे त्यांच्याविषयी बरं बरं बोललो. मी तर जरा जास्तच बोलले. सरांना बोलायला उभं केलं. सगळे रुमाल काढून तयार. सर म्हणाले, "मागच्या दाराची कडी वर उचलून मग सरकवायची. तशी लागत न्हाई." आणि खाली बसले.

नव्या ग्रंथपालाची नेमणूक नाही, म्हणून किल्ल्या माझ्याकडं. नगरच्या बसची वाट बघत सर फाट्यावर उभे होते, तिथं त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या. बरोबर सूचना. बारदान धुतलं तर परत चौपदरीच घालायचं. उलट्या पुस्तकांना हात नाही. खळ पातळ करायची नाही.

"आन् सारिका आली तर तिला पत्ता सांगू नका. मागच्या दारापतूर न्या. फुडं तिचं तिला येतंय."

"सर, ती येईल कशावरून? तिची आजी..."

ते पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधायला लागले. बस आली तेव्हा पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "पुस्तक निम्मं ऱ्हायलंय तिचं." त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच भीती ऐकू आली. ती भीती घेऊन मी घरी आले, आणि रात्री जेवण गेलं नाही. त्याचाही मला रागच आला.

मार्चभर हेडसर माझ्या मागे लागले होते. "मॅडम, आता तरी ते पुढचं दार उघडा." मी सांगितलं, किल्ली लागत नाही. मग म्हणाले, कुलूप तोडा. मी म्हटलं, गोरखमामांना वेळ नाही. पुस्तकं फाटत होती, तेव्हा एक दिवस मीच मैदा आणून खळ शिजवली. पातेलं कुठं ठेवणार? खुर्चीवर.

पाडवा झाला. ट्रॅक्टर गावात यायला लागले. शाळेत एकेक करून पोरं उगवू लागली, रापलेली, अंगावरचे कपडे आखूड झालेली. कुणी थेट मागच्या दारानं आली, कारण भावंडांनी सांगितलं होतं. हात लावत लावत जायची, आपलं उलटं पुस्तक काढायची. एक पोरगं बारदानावर पाय पडल्यावर खुदकन हसलं. पण सारिका नाही. तिचे आईबाप आल्याचं कळलं होतं. रोज मी त्या खालच्या कप्प्याकडं बघायची. चिंधी तिथंच.

एक दिवस सकाळी बघते तर टाकीमागं भिंगारदिवे सर उभे.

"अहो सर! इथं काय करताय?"

"पेन्शनचे कागद हुते जरा."

"पेन्शनचे कागद टाकीमागं ठेवलेत का? ऑफिसात जा."

"जातो की. सावली बरी हाय हितं."

मी कपाळावर आठ्या घालून वळले, आणि व्हरांड्याच्या टोकाला सारिका दिसली. जुन्या ग्रंथालयाच्या दारात ती उभी होती. आत टीव्ही चालू होता, वर्ग भरलेला. सगळी पोरं वळून तिच्याकडं बघत होती. तिनं आत एकदा डोकावून बघितलं, दाराच्या चौकटीवरून हात फिरवला आणि मागे सरकली. मग वळली, आणि फाटकाकडं चालायला लागली. भराभरा.

शाळेच्या शिस्तीत बसत नाही इतक्या मोठ्यानं मी ओरडले, "सारिके! ए सारिके! इकडनं ये. टाकीकडनं!"

ती थांबली. बराच वेळ तिचं ठरेना. मग आली, खाली मान घालून. मी तिला दारापर्यंत नेलं. टाकीमागं सर अंग चोरून उभे होते, एवढा मोठा माणूस. मी खुणेनंच म्हटलं, या की. त्यांनी जोरजोरात मान हलवली. मी जवळ गेले तर कुजबुजले, "मी दिसलो तर ती मला इचारंल. न्हाई दिसलो तर हुडकंल."

सारिकानं दाराबाहेर चपला काढल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला करून. आत शिरली आणि जागच्या जागी उभी राहिली. नवी खोली, नवा रंग. मी तोंडावर हात ठेवला होता, नाहीतर पत्ता बाहेरच पडला असता. मग तिचा उजवा हात वर आला. बोटं लोखंडी कपाटाला लागली. ती चालायला लागली, आधी हळू, मग जरा वेगानं. लाकडी मांडणी. झरोक्याखाली केस उडाले. बारदानावर पाय पडला तशी ती थबकली, खाली वाकली आणि कशाकडंही न बघता खालच्या कप्प्यात हात घातला. चिंधी धरूनच तिनं पुस्तक ओढून काढलं. तिथंच जमिनीवर मांडी घातली आणि उघडलं.

"कशी आहेस" नाही, "मॅडम" नाही. पाच महिन्यांनी दिसली, पण माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही.

मी बाहेर आले. सर अजून तिथंच.

"काय इचारलं का तिनं?"

"काही नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही कार्टीनं."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. "मग झालं," म्हणाले, आणि निघालेच.

"अहो सर, चहा तरी!"

"बस जाईल."

"आणि ते पेन्शनचे कागद?"

मागे न बघता त्यांनी हात हलवला. चिखल टाळत, पातेल्यांना वळसा घालत ते फाट्याच्या रस्त्याला लागले. मी तणतणत आत आले.

तास संपल्याची घंटा झाली. सारिका उठली. चिंधी पुढच्या पानात घातली, पुस्तक उलटं करून जागेवर ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं आली.

"मॅडम, आठवीचा वर्ग आता कुठं भरतो?"

वर्ग तिथंच होता, जिन्यापाशी, पहिल्यापासून. मी सांगायला तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं?

"दिवाळीच्या आधी कुठं बसायचीस?"

ती हसली, चपला पायात सरकवल्या आणि जिन्याच्या दिशेनं पळाली. मी कपाळावर हात मारून घेतला. सर स्वतः गेले घरी, आणि खोड तेवढी माझ्या गळ्यात मारून गेले.